समुद्र दोनदा

प्रिय हवामानखातं,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क खरं तर आपल्या थोरलीचा. पण ती गेल्यापासून हे नाव घरात नुसतंच पडून आहे, आणि पडून राहिलेल्या वस्तूला गंज चढतो हे मी कारखान्यात रोज बघते, म्हणून आज मीच वापरते. हे पत्र तुला या फेरीच्या सामानात, वाऱ्याची दिशा दाखवायच्या नव्या पिशवीत गुंडाळलेलं सापडेल. जुनी पिशवी खांबावरून उतरव, नवी चढव आणि मग निवांत बसून वाच. आधी वाच म्हटलं असतं तरी तू आधी पिशवीच चढवली असतीस. आधी काम, मग माणसं, हा तुझा शिरस्ता मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. पहिल्यांदा तू आमच्या ताडपत्रीच्या कारखान्यात आलास ते असलीच पिशवी शिवून घ्यायला, आणि मी सगळ्या बायकांसमोर विचारलं होतं की हा एका पायाचा लेंगा घालणार कोण. सगळ्या हसल्या. तू मात्र गंभीर चेहऱ्याने समजावत बसलास की वारा तोंडातून शिरतो आणि शेपटाकडून निघतो. तेव्हाच मी ओळखलं होतं की या माणसाला विनोद कळायला एक दिवस लागतो, पण एकदा कळला की तो जन्मभर विसरत नाही.

तर मुद्द्याचं सांगते. आम्ही येतोय. तुझी आई, धाकटी आणि मी. या फेरीनंतर समुद्र निवळला की सामानाच्या पहिल्या बोटीने निघायचं, तुझ्या हवामान केंद्राच्या खाली वाळूचा जो सपाट पट्टा आहे तिथे तंबू ठोकायचा, आणि बोट पुन्हा येईल तोवर तिथेच मुक्काम. बोटवाल्याला परतीच्या चार जागा सांगून ठेवल्या आहेत. जाताना तीन आणि येताना चार, हे त्याने दोनदा विचारून घेतलं. तू मागच्या फेरीला त्याच्याजवळ निरोप धाडला होतास की येऊ नका, इथे राहण्याजोगं काही नाही. तो निरोप पोचला. सांगताना त्याने टोपी काढून हातात घेतली होती, इतका तो बिचारा ओशाळला होता, जणू नको म्हणणारा तोच. मी त्याला चहा पाजला आणि पुन्हा सांगितलं, चार.

तुला वाटेल, हिला आता हे कुठून सुचलं. एक हंगाम तिथे, एक हंगाम घरी, अशी तुझी नोकरी होती तोवर आम्ही कधी कुरकुर केली नाही. पण थोरली गेल्यापासून घरी यायची पाळी आली की तू दुसऱ्या निरीक्षकाची पाळी मागून घेतोस, आणि तो तरी नाही कशाला म्हणेल? त्या टोकाला ना रस्ता जातो ना माणूस. त्याच्या बायकोला मी बाजारात भेटते. ती माझ्याशी इतकी गोड बोलते की तिला माझी दया येते की तिचा नवरा घरी आहे याची लाज वाटते, तेच मला समजत नाही. दोन वर्षं होत आली. धाकटीचे पुढचे दात पडले आणि नवे आले, ते तू पाहिले नाहीस. तुझ्या आईच्या गुडघ्याने संप पुकारला आणि मिटवला. बाहेरच्या खोलीला मी नवा रंग दिला, तो वाईट दिसतो, आणि तसं मला तोंडावर सांगणारं घरात कोणी नाही.

परवानगीचं ऐक. कुटुंबाला केंद्राखाली राहता येतं हा नियम तूच मला सांगितला होतास, पण तुमच्या कार्यालयातल्या साहेबांना तो ठाऊक नव्हता. त्यांनी आधी मला खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग सांगितलं की असं काही नसतं. तुझ्या आई माझ्याबरोबर होत्या. त्या म्हणाल्या, मी इथेच बसते, तुम्ही शोधा, मला काही घाई नाही. आणि पिशवीतून विणकाम काढून बसल्या. साहेबांनी दोनदा खोकून पाहिलं. तिसऱ्यांदा खोकले तेव्हा आईंनी त्यांना खोकल्यावर मध-आल्याचा उपाय सांगितला आणि पुढचा टाका घातला. शेवटी शिपायाने कुठल्याशा कपाटातून नियम काढून आणला. मुक्कामाचा उद्देश काय लिहू, असं साहेबांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, लिहा, सहल. बाहेर आल्यावर जिन्यात मात्र त्या कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. गुडघा दुखतोय का, असं विचारल्यावर म्हणाल्या, गुडघा नाही गं. आणि विणकामाची पिशवी सावरत पायऱ्या उतरू लागल्या. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, हे तुमच्या घराण्याला चपखल बसतं. तुला ते कुणाकडून मिळालं हे मला त्या जिन्यात नव्याने कळलं.

सहल थोरलीची. ते तुलाही माहीत आहे, मलाही, पण आपण दोघांनी ते एकमेकांना कधी म्हटलेलं नाही, म्हणून आज लिहिते. आठवतं, तिने ही सहल कशी उभी केली होती? तू घरी होतास. माझ्या पिशवीतला कापडावर खुणा करायचा खडू तिने पळवला आणि बाहेरच्या खोलीत जमिनीवर तंबू आखला. मग एकेकाला हुकूम सोडून त्या चौकटीत निजायला लावलं. आजी मधोमध, कारण आजीला वारा सोसत नाही. तिच्या एका अंगाला धाकटी, कारण ती झोपेत लाथा मारते आणि आजीला कळत नाही. दुसऱ्या अंगाला मी. तू दाराशी, कारण तू घोरतोस आणि त्याला घाबरून कुठलंही जनावर आत येणार नाही. आणि ती स्वतः तुझ्याही पलीकडे, अगदी उंबऱ्याशी. तिचे पाय चौकटीबाहेर येत होते. मी म्हटलं, तंबू लांब करू या. ती म्हणाली, नको, कप्तानाचे पाय बाहेरच असतात. कप्तान हे नाव तू दिलंस आणि ते तिने इतकं मनावर घेतलं की दूधवाल्यालासुद्धा सलाम ठोकायला लावायची. आपण पाचही जण त्या थंडगार जमिनीवर पडून होतो, तेवढ्यात शेजारीण काहीतरी मागायला आली, दारातून आपल्याला बघितलं आणि काही न मागताच परत गेली. तू जो हसलास, तसा मी तुला त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

त्याच खडूच्या रेघांवरून मी तंबू बेतला. कारखान्यात उरलेलं मेणकापड मालकांनी दिलं, दुहेरी शिवण मारली, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे लावले. वाळूत खुंट्या धरत नाहीत, पोत्यांत वाळू भरून ती पुरायची आणि त्यांना दोर बांधायचे, हे तू थोरलीला सांगितलंस आणि तिने मला असं सांगितलं की जणू तिचा जन्म वाळूत गेलाय. मी पोती शिवली. तुझी पाळी संपून तू परत यायचास, मग सगळ्यांनी मिळून जायचं, असं ठरलं होतं. तंबू घडी घालून माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. या महिन्यात मी तो खाली काढला, कारखान्यात नेला, लांब टेबलावर पसरला. मालक शेजारी येऊन उभे राहिले. चांगला माणूस आहे, वाईट हेतूने बोलला नाही. म्हणाला, बाई, एक पट्टा काढून टाका, चौघांना पुरेल एवढा करा, वाऱ्यात मोठा तंबू आवरत नाही. धंद्याच्या दृष्टीने तो शंभर टक्के बरोबर होता. मी कात्री घेतली. उंबऱ्याकडच्या शिवणीत टोक घातलं. आणि मग शेजारच्या मशीनवरच्या बाईने येऊन कात्री माझ्या हातातून काढून घेतली, कारण मी कापडाबरोबर स्वतःचं बोटही पात्यांत धरलं होतं. तंबू पाच जणांचाच आहे. वाऱ्याने उडाला तर उडाला.

आता रेडिओचं. यावर आपण बोललोच नाही, आणि न बोलता दोन वर्षं काढली. तू रोज संध्याकाळी बंदराच्या कार्यालयाला हवामान वाचून दाखवतोस, आणि ज्याच्याकडे तसा रेडिओ असेल त्या प्रत्येकाला ते ऐकू येतं. वारा कुठून, ढग किती, किती लांबचं दिसतं, आणि शेवटी समुद्र कसा आहे. जादा एक शब्द उच्चारायची सोय नाही. पहिल्यांदा तिकडे निघालास तेव्हा थोरली रडून रडून लाल झाली होती. तू तिला मांडीवर घेऊन सांगितलंस की जादा बोलता येत नाही, पण खरखर असेल तर एखादं वाक्य पुन्हा सांगायची मुभा आहे. म्हणून मी शेवटचं वाक्य रोज दोनदा सांगेन. पहिला समुद्र बोटवाल्यांचा, दुसरा तुझा. तेव्हापासून आपल्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी सगळं थांबायचं. समुद्र शांत. समुद्र शांत. दुसरा ऐकला की ती म्हणायची, आले बाबा घरी, आणि आम्ही जेवायला बसायचो. बोटवाल्यांना काही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं हा माणूस फार काटेकोर आहे.

हल्ली तुझा समुद्र एकदाच असतो. तुला वाटत असेल की कोण ऐकतंय. सगळे ऐकतात रे. तुझ्या आई संध्याकाळी शेजारणीकडे जाऊन बसतात, निमित्त विणकामाचं, पण शेजारणीकडे रेडिओ आहे. मी कारखान्यात उशिरा थांबते, कारण पहारेकऱ्याच्या खोलीत रेडिओ आहे. आपला मात्र कपाटात आहे. परवा बोटवाला चहा पिताना सहज म्हणाला, साहेबांचा समुद्र हल्ली एकदाच येतो, पूर्वी दोनदा यायचा, बरं वाटायचं ऐकायला. मी उठून कपबशी विसळायला गेले. त्याला पाठमोरी राहूनच म्हटलं, रेडिओ दुरुस्त झाला असेल, खरखर नसेल.

त्या दिवसाबद्दल तू एकच पत्र लिहिलंस आणि पुन्हा कधी लिहिलं नाहीस, म्हणून माझ्या बाजूचा दिवस तुला कोणी सांगितलेला नाही. तिचा ताप मेंदूत गेलाय असं डॉक्टरांनी सकाळी सांगितलं. ती शुद्धीवर होती, तुझं नाव काढत होती. आईंना आणि धाकटीला इस्पितळात तिच्याजवळ ठेवून मी बंदरावर धावले. रेडिओवाल्याने तुला कळवलं, ते तू ऐकलंस, मी तिथेच होते, पण मला बोलायला परवानगी नव्हती. तुला आणायला बोट तयार होती. समुद्र संध्याकाळपर्यंत जरा उतरला तर निघायचं, नाहीतर नाही, आणि तो उतरला की नाही हे सांगणारा त्या सगळ्या किनाऱ्यावर एकच माणूस. मी बाकावर बसून राहिले. संध्याकाळी तुझा आवाज आला. वारा, ढग, दृश्यता, सगळं त्याच संथ सुरात, आणि मग, समुद्र खवळलेला. मी उठले आणि चालू लागले. दुसऱ्यांदा तू म्हणालास ते मी ऐकलंच नाही. ते तुझ्या पत्रातून कळलं.

लोक काय काय बोलले ते तुझ्याही कानावर गेलं असेल. एक पायरी खाली सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं, पोटच्या पोरीसाठीसुद्धा याला खोटं बोलवलं नाही. तुला वाटतं की मीही तसंच म्हणते. मी तसं कधी म्हटलं नाही, मनातही नाही. त्या बोटीवर बोटवाला आणि त्याचे दोन्ही मुलगे जाणार होते. तू त्यांना बुडवून घरी आला असतास तर थोरलीने तुला दारात उभं केलं नसतं. हे मला त्याच दिवशी माहीत होतं. मला राग आला तो तुझा नव्हे. समुद्राचा आला, डॉक्टरांच्या स्वच्छ बुटांचा आला, आणि रस्त्यात आईसक्रीम खात चाललेल्या एका अनोळखी बाईचा तर इतका आला की मी थांबून तिच्याकडे बघत राहिले. बंदरापासून इस्पितळापर्यंत मी शब्द जुळवत होते. बाबा येत नाहीत हे तिला कसं सांगायचं? एकदा ठरवलं, उद्या येतील म्हणू. मग वाटलं, ही हवामानखात्याची पोर, हिला फसवता यायचं नाही. खोलीत पोचले तर ती झोपलेली होती, चेहरा अगदी निवांत. मला वाटलं, देवच पावला, सकाळी सांगू. मी तिचा हात धरून बसले. ती पुन्हा जागी झालीच नाही. तेव्हापासून मला हेच खातं की ती तुझी वाट बघत गेली, आणि तेही मी सांगायला घाबरले म्हणून नाही, तर सांगायला वेळेवर पोचलेच नाही म्हणून.

तुझी बोट लागली तेव्हा सगळं उरकलं होतं. तू काही दिवस घरात राहिलास, की नुसता वावरलास, आणि परत गेलास. मग ते पत्र आलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. तू लिहिलंस की त्या संध्याकाळी तुम्ही सगळे इस्पितळात असणार हे कळत होतं, तरी मी समुद्र दोनदा सांगितला, रिकाम्या घराला सांगितला, आता पुन्हा ते माझ्या तोंडून निघत नाही. मला वाटलं होतं उत्तर लिहावं. काय लिहिणार होते? घर रिकामं होतं, हे खरंच होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण आपलं तर दोघांचंही एकच जळत होतं आणि तरी कळलं नाही.

तयारीचं सांगते, नाहीतर तू म्हणशील ही रडायलाच बसली. पाण्याचे मोठे कॅन घेतलेत, कारण तुझ्या टाकीतलं पाणी तुला पुरवून वापरावं लागतं. स्टोव्ह, पिना, काड्या डब्यात बंद. बिस्किटं, सुकी फळं, डब्यातलं दूध. आईंनी जमिनीवर झोपायची सवय व्हावी म्हणून आठ दिवस खाली अंथरूण घातलंय, आणि रोज सकाळी त्यांना उठवून उभं करायला आम्ही दोघी लागतो. वाळू मऊ असते, तिथे बरं वाटेल, असं त्या म्हणतात. उशी मात्र घरचीच हवी. धाकटीने एक शिट्टी गळ्यात अडकवली आहे. आता कप्तान कोण, असं मी तिला विचारलं नाही, पण ती म्हणाली, मी कप्तान नाही, मी नुसती शिट्टी वाजवणार. हे ऐकून मी स्टोव्हला पिन करत बसले, आणि तो आधीच साफ होता.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र. मागच्या सुट्टीच्या दिवशी तंबू बाहेरच्या खोलीत उभा केला. खुर्च्यांना दोर बांधले. आई मधोमध आडव्या झाल्या, त्यांच्या एका अंगाला धाकटी, दुसऱ्या अंगाला मी, आणि दाराकडची दोन माणसांची जागा मोकळी. मग धाकटी त्या मोकळ्या जागेकडे बघून अगदी सहज म्हणाली की तायडीने बाबांना येऊ नका सांगितलं होतं, आता या म्हणायला हवं. मी म्हटलं, काय गं, कधी सांगितलं? तर तिने जे सांगितलं ते तसंच लिहिते. त्या दिवशी इस्पितळात जाताना तिने स्वयंपाकघरातला रेडिओ आजीच्या पिशवीत भरला होता, कारण संध्याकाळी तो लागतो एवढंच तिला ठाऊक होतं. संध्याकाळी आजी पाणी आणायला गेल्या तेव्हा दोघी बहिणींनी तो उशीवर ठेवून लावला. तुझा आवाज आला. समुद्र खवळलेला. समुद्र खवळलेला. दोन्ही वेळा. थोरलीने डोळे मिटूनच ऐकलं आणि म्हणाली, खवळलाय, बाबांना म्हणावं अशात निघायचं नाही, हुकूम आहे. आणि मग म्हणाली, पण दोनदा म्हणाले बघ, आले घरी, आता झोपू या. आणि झोपली. रेडिओ धाकटीनेच बंद केला आणि पिशवीत ठेवला. नंतर घरी तिने तो काढला तेव्हा आईंनी नको तो समुद्र म्हणून कपाटात टाकला, आणि पोरीला वाटलं की याबद्दल बोलायचं नसतं. आम्ही तिला कधी विचारलंच नाही. पाच वर्षांच्या मुलीला कोण काय विचारतं? हे ऐकून आई तंबूत पडल्या पडल्या मोठ्याने रडल्या आणि त्यांना रडू देऊन मीही रडले, दोन वर्षांचं सगळं. तू रिकाम्या घराला नव्हतास सांगत रे. ती वाट बघत गेली नाही. तू घरी आलास असं समजून झोपली, आणि झोपण्याआधी तुझ्यावरचा दोष स्वतःच्या हुकुमाने काढून गेली. आम्ही येतोय ते तुला हे सांगायला आणि तुला घेऊन यायला. पण तुला ओढून नेणार नाही. रेडिओ मी कपाटातून काढलाय, ओट्यावर ठेवलाय, आणि हे पत्र पोचेल त्या दिवसापासून आम्ही तिघी संध्याकाळी त्याच्यापाशी बसणार. आम्ही यावं आणि तू आमच्याबरोबर परत यावंस असं तुला वाटलं, तर समुद्र कसाही असो, शांत असो की खवळलेला, दोनदा सांग.

तुझीच,
एका पायाचे लेंगे शिवणारी